दुसऱ्या शनिवारचा नेम

एकेकाळी भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात होती. वीस इंच व्यासाच्या आरशाची ही दुर्बीण डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी घडवली होती. शिवाजीनगरच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात ती बसवली होती. वेधशाळेला भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांचे नाव होते, कारण देणगी त्यांची होती. उभी केली आणि चालवली मात्र कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकांनी. वेधशाळा १८८८ साली सुरू झाली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला तळ ठोकला, तेव्हा अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे पथकही तिथेच उतरले होते. एका कॉलेजातला विज्ञानाचा विभाग जगातल्या नामांकित वेधशाळेच्या शेजारी उभा राहून त्याच सूर्याचा वर्णपट नोंदवत होता.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. यंत्रसामग्री कोडाइकॅनॉलला रवाना झाली. तिथे ती दुर्बीण ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली आणि पुढे कामालाही आली. पुण्यात तिची आठवणसुद्धा फारशी उरली नाही.

या हकिगतीतला शेवट मला फार लागतो. दुर्बीण नादुरुस्त नव्हती, आकाशही तेच होते. एक माणूस निवृत्त झाला आणि एका शहरातल्या कॉलेजचे खगोलशास्त्र संपले. महाराष्ट्रात विज्ञान लोकांपर्यंत नेण्याची बहुतेक कामे अशीच एखाद्या झपाटलेल्या शिक्षकाच्या जिवावर चालतात आणि त्याच्याबरोबरच थांबतात. म्हणून मला पुण्यातलेच दुसरे उदाहरण सविस्तर सांगायचे आहे, जिथे तसे झाले नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. विद्यापीठांमधले खगोलशास्त्र तेव्हा विखुरलेले होते. एखाद्या विभागात एखाददुसरा प्राध्यापक त्यात काम करी आणि त्याच्या हाताशी ना मोठी दुर्बीण असे, ना विचारविनिमयाला सोबत. सगळ्या विद्यापीठांना मिळून वापरता येईल असे एक केंद्र काढायचे ठरले आणि ती जबाबदारी जयंत नारळीकरांकडे आली. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करून १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. ती संस्था सोडून ते पुण्याला आले. अजित केंभावी आणि नरेश दधिच हे सहकारी सुरुवातीपासून बरोबर होते, आणि पुढे दोघेही या केंद्राचे संचालक झाले. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे आयुका, स्थापन झाले. चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली वास्तू डिसेंबर १९९२ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली.

आयुकाचे मुख्य काम संशोधनाचे आणि विद्यापीठांतल्या भौतिकशास्त्र विभागांना बळ देण्याचे आहे. आदित्य-एल१ या यानावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण इथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने घडली आहे. पण हीच माणसे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसमोर उभी राहतात. एक व्याख्यान इंग्रजीत होते, दुसरे मराठीत किंवा हिंदीत. शाळा मुलांना घेऊन येतात आणि चंद्रशेखर सभागृह भरते. विषय कधी कृष्णविवर असतो, कधी साबणाचा फुगा. मंचावर पुष्कळदा प्रयोगही होतो.

यातली मोलाची गोष्ट व्याख्यानानंतर घडते. मुले हात वर करतात. त्यांचे प्रश्न वरकरणी भाबडे वाटतात आणि उत्तर देणाऱ्याचा कस पाहतात. विश्व प्रसरण पावते, तर ते कशात पसरते? हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक सभेत येतो. त्याला सोपे आणि चुकीचे उत्तर देणे फार सोपे आहे. बरोबर उत्तर असे की विश्वाला बाहेर नाही. दीर्घिकांमधली अंतरे वाढत आहेत, आणि ती वाढण्यासाठी पलीकडे मोकळी जागा असावी लागत नाही. हे ऐकून मुलाच्या कपाळावर आठी पडते. ती आठी म्हणजे त्या दुपारचे खरे फलित, असे मी मानतो. ज्या माणसाने विश्वाच्या प्रसरणाचे समीकरण स्वतः सोडवले आहे, त्याच्याकडूनच हे उत्तर यायला हवे, कारण पुढचा प्रश्न आला की पाठ केलेले उत्तर संपते आणि समजलेले उत्तर पुढे चालू राहते.

सही मागायला येणाऱ्या मुलांना नारळीकर सही देत नसत. प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तर मिळेल आणि त्याखाली सहीही असेल, असे ते सांगत. असंख्य मुलांनी पत्रे पाठवली आणि उत्तरे मिळवली. त्या काळी पोस्टकार्ड खेड्यातल्या मुलालाही परवडत होते. विज्ञान लोकांपर्यंत नेणे म्हणजे माहिती वाटणे, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. माहिती आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आहे. मुलाला हवे असते ते आपला प्रश्न ऐकून घेणारे, त्यावर विचार करून त्याच्या नावाने उत्तर देणारे जाणते माणूस. ते फोनवर मिळत नाही.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुकाची दारे सर्वांना खुली होतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये याच तारखेला आपला शोध जाहीर केला होता आणि १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. त्या दिवशी आवारात मोठी गर्दी असते. आजोबा नातवंडांना घेऊन येतात, कॉलेजातली मुले-मुली घोळक्याने येतात. संशोधन करणारे विद्यार्थी फलकांजवळ उभे राहून संध्याकाळपर्यंत घसा बसेतो समजावतात. अंधार पडला की दुर्बिणींसमोर रांगा लागतात.

या रांगांविषयी मला एक काळजी वाटते. दुर्बिणीतला शनी म्हणजे आपल्याकडे दर्शन होऊन बसतो: तासभर रांग, क्षणभर नेत्रिकेला डोळा, पुढचा माणूस मागून ढकलतो आणि पाहणारा भारावून बाहेर पडतो. भारावणे चांगलेच आहे. ज्या शनीच्या साडेसातीने घरे धास्तावतात, तो एवढासा, नेटका, कडी ल्यालेला गोळा आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे साधे नव्हे. पण तिथे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने अर्धे मिनिट जास्त दिले, तर त्या दर्शनाचे निरीक्षण होते. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली, त्यामुळे त्या वर्षी ती कडी जेमतेम रेघेसारखी दिसली. तेव्हा ‘कडी कुठे गेली?’ असे कोणी विचारले, तर त्यातून कड्यांची जाडी, शनीच्या अक्षाचा कल आणि सूर्याभोवतीची त्याची साडेएकोणतीस वर्षांची फेरी, इतके सगळे उलगडता येते. रांग थोडी हळू सरकली तरी चालेल.

घाईगर्दीत न सरकणारी एक वस्तू आयुकातच आहे. तिथे फूकोचा लंबक आहे, एका लांब तारेला टांगलेला जड गोळा. तो डोलत राहतो, आणि तासाभराने पाहिले तर त्याच्या डोलण्याची दिशा वळलेली दिसते. खरे तर लंबक आपली पातळी राखू पाहतो आणि खालची जमीन फिरते. लेऑन फूको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनच्या घुमटाखाली हा प्रयोग लोकांसाठी मांडला होता, पृथ्वी फिरताना पाहायला या म्हणून. पण पॅरिसचा लंबक पुण्यात आणला तर तो तसा वागणार नाही. ध्रुवावर लंबकाची दिशा ताशी पंधरा अंशांनी वळते, विषुववृत्तावर मुळीच वळत नाही, आणि मधल्या ठिकाणी अक्षांशाच्या साइनच्या प्रमाणात वळते. पॅरिसला पूर्ण फेरी सुमारे ३२ तासांत होते. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, म्हणून इथे ती दिशा ताशी जेमतेम पावणेपाच अंश सरकते आणि पूर्ण फेरीला ७५ तासांहून थोडे अधिक लागतात. लंबकाच्या गतीवरून आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे सांगता येते. दहावीच्या मुलाला साइन म्हणजे काय ते ठाऊक असते, पण त्याचा उपयोग कुठे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. या लंबकापाशी त्याला तो उपयोग समोर दिसतो.

आयुकाच्या आवारातच मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली, आणि सप्तर्षींमधल्या एका ताऱ्याचे नाव तिच्या इमारतीला दिले: पुलस्त्य. पुलंचे नाव त्यात आपोआप आले. इथे अरविंद गुप्ता यांनी दशकभर काम केले. आयआयटी कानपूरला शिकलेले हे अभियंते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या चळवळीतून घडले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमिती शिकवणारे त्यांचे पुस्तक भारतभर पोचले आहे. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायची आणि खेळण्यातून भौतिकशास्त्र, एवढे सरळ त्यांचे काम.

त्यातल्या मोटरचेच उदाहरण घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लहान चुंबक आणि इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे काही वेढे. पिना सेलच्या दोन टोकांना रबरबँडने बांधायच्या, सेलवर चुंबक ठेवायचा आणि वेढ्याची दोन टोके पिनांच्या भोकांत अडकवायची. टोकांवरचे इनॅमल खरवडायचे: एका टोकाचे पूर्ण, दुसऱ्याचे फक्त एका बाजूचे. सगळी मोटर या अर्ध्या खरवडण्यात आहे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेढा अर्धा फिरतो, मग चुंबकाचा जोर उलट्या दिशेने लागतो आणि वेढा थरथरत थांबतो. एका टोकावर अर्धे इनॅमल ठेवले की नेमक्या त्या उलट्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो. वेढा आपल्या वेगाने पुढे निघून जातो आणि पुन्हा प्रवाहाला भिडतो. पाठ्यपुस्तकात याच जागी कम्युटेटरची आकृती असते आणि मुले ती परीक्षेपुरती काढतात. ज्या मुलीने ते इनॅमल एकदा चुकीचे खरवडले आणि मग नीट केले, तिला कम्युटेटर पुन्हा शिकवावा लागत नाही. सामान घरात किंवा कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सापडते, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतही हे होते. अरविंद गुप्ता २०१४ मध्ये तिथून बाहेर पडले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शोधिका चालू राहिली.

२००८ मधला एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत धीट वाटतो. नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घ्यायचे ठरवले. शाळेत हुशार ठरलेल्या शंभर मुलांच्या आणि मतिमंद असलेल्या शंभर मुलांच्या जन्मवेळा मिळवून पत्रिका मांडल्या आणि त्या मिसळल्या. ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केले: प्रत्येकाला चाळीस पत्रिका देऊ, कोणती कोणत्या गटातली एवढेच सांगा. एक्कावन्न ज्योतिष्यांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के निघाली. एका ज्योतिष संस्थेने सर्व दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर येतातच.

मला त्या निकालाइतकीच रीत महत्त्वाची वाटते. फलज्योतिष खोटे आहे, असे कोणी मंचावरून बजावले असते तर मानणाऱ्याने कानाआड केले असते. इथे दावा करणाऱ्याला सन्मानाने बोलावले, कसोटी आधी जाहीर केली आणि आलेला निकाल छापला. औषधाची चाचणी कशी होते, सर्वेक्षणावर केव्हा विश्वास ठेवावा, योगायोग कशाला म्हणायचे, हे सगळे त्या एका प्रयोगात वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसापर्यंत पोचले. विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या विभागाने घराघरातल्या प्रश्नाला हात घातला. पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे जोखमीचे काम आहे, याची आठवण महाराष्ट्राने ठेवली पाहिजे.

लोकांना विज्ञान समजावणे हे शास्त्रज्ञांचे औदार्य आहे, असेही अजून मानले जाते. खगोलशास्त्राच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे. या शास्त्राचे काम लोकांच्या साथीशिवाय चालतच नाही. पुणे जिल्ह्यात आंबेगाव-जुन्नरच्या भागात हे पाहता येते. गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. २००६ मध्ये तिचे उद्घाटन यशपाल यांच्या हस्ते झाले. तिला अंधार लागतो. पायथ्याच्या गावांनी दिव्यांना वरून झाकण लावले नाही, उजेड आभाळात उधळला, तर त्या आरशाचा उपयोग तेवढा कमी होतो. नारायणगावजवळ खोडदला टाटा संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी बसवून त्या हलक्या आणि स्वस्त केल्या. त्यांच्या आसपास द्राक्षांचे मळे आहेत, टोमॅटोची शेते आहेत. या दुर्बिणीला रेडिओ लहरींची शांतता लागते. सैल झालेल्या वीजतारेवर उडणारी ठिणगीसुद्धा अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण लहरीला झाकून टाकते.

खोडदला विज्ञान दिनाला जत्रा भरते, हे यासाठी समजून घेतले पाहिजे. आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांची मुले स्वतः केलेली उपकरणे घेऊन येतात, पालक येतात, शेतकरी येतात. ज्या तबकडीच्या सावलीत आपली विहीर आहे ती काय ऐकते, हे विचारायचा त्यांना पहिला हक्क आहे.

तिसरे ठिकाण हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ आकाराला येते आहे. गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा तिथे होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेसरचा किरण ये-जा करणार, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असा लांबीतला फरक तो सांगणार. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी १३० कोटी प्रकाशवर्षांवर झालेली दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकली होती. या यंत्राला जमिनीची स्थिरता लागते. खडी फोडणारे यंत्र, अवजड ट्रकची वर्दळ, सगळे त्याला जाणवते. म्हणून लायगोच्या मंडळींनी हिंगोलीच्या शाळांत आणि गावांत जाऊन बोलणे हा त्या प्रयोगाचाच भाग आहे, आणि ते बोलणे मराठीतच झाले पाहिजे. आपल्या गावाच्या जमिनीवर काय होते आहे हे कळणे हा गावकऱ्याचा अधिकार आहे, आणि हे जाणून घेणारा गावकरीच पुढे त्या यंत्राचा राखणदार होईल.

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. विज्ञानकथा, पाठ्यपुस्तके, दूरदर्शनवरचे कार्यक्रम, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. मला त्यांचे सर्वांत मोठे सार्वजनिक काम वेगळे वाटते. २००३ मध्ये ते संचालकपदावरून निवृत्त झाले आणि तरी मुलांसाठीचा शनिवार चुकला नाही. त्यांनी आपली आवड संस्थेच्या वेळापत्रकात बसवली होती, तिला जागा, माणसे आणि पैसा लावून दिला होता. नायगमवालांना असे काही मागे ठेवता आले नाही, यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्यामागे त्यांची गरज ओळखणारी संस्थाच नव्हती.

पण एकट्या पुण्याने हे करून भागणार नाही. कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, नागपूर, गोवा, या सगळ्या विद्यापीठांत भौतिकशास्त्र शिकवले जाते, आणि सुरुवात करायला दोन हजार सहाशे कोटी लागत नाहीत. एक मीटरची काठी पुरते. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून आपल्याकडे प्रत्येक गावात वर्षातून दोनदा भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दक्षिण कोकणात हे मेच्या पहिल्या आठवड्यात घडते, पुण्याला १३-१४ मेच्या सुमारास, नागपूरला शेवटच्या आठवड्यात. जुलै-ऑगस्टमधली दुसरी वेळ बहुधा ढगात जाते.

याहून पुढचा प्रयोगही त्याच काठीने होतो. कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. २१ मार्चच्या सुमारास दोन्हीकडच्या मुलांनी एक मीटर काठीची दिवसातली सर्वांत आखूड सावली मोजावी. कोल्हापूरला ती सुमारे ३० सेंटिमीटर भरेल, नाशिकला ३६ च्या थोडी वर. त्यावरून सूर्याच्या कोनातला फरक निघतो, सुमारे ३.३ अंश. दोन्ही शहरांमधले दक्षिणोत्तर सरळ अंतर साधारण ३६५ किलोमीटर आहे. तेवढ्याला ३.३ अंश, तर ३६० अंशांना किती? पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर येतो. दोन शाळा, दोन विद्यापीठांचे विभाग आणि एक दुपार, एवढ्यात पृथ्वी मोजून होते.

ही मोजणी करायची तर दोन शाळांना जोडून देणारे, हिशेब तपासणारे आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणारे कोणी हवे. ते काम विद्यापीठाच्या विभागाचे आहे, आणि तो विभाग आपल्या करांवर चालतो. तेव्हा आपल्या भागातल्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला पत्र लिहा. मुलांसाठी महिन्यातला कोणता दिवस ठेवला आहे, त्या दिवशी मराठीतून कोण बोलणार आहे आणि मुलांनी आपले प्रश्न कोणाच्या नावाने पाठवायचे, ही तीन उत्तरे मागा. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा, आणि पुढच्या वेळी त्यावर शाळेतल्या मुलांच्याही सह्या घ्या.